करवत लावण्याआधी : कॅम्पर व्हॅनच्या लाकडी सामानाची तयारी

प्लायच्या दुकानात जायची घाई करू नका. आधी गाडीत काय काय राहणार आहे ते फरशीवर मांडून मोजा: मसाल्याचे डबे, ५ किलोचा सिलिंडर, पाण्याचा जार, सगळ्यात मोठं पातेलं. डब्याचं माप झाकणासकट घ्या, कारण झाकण अनेकदा डब्यापेक्षा रुंद असतं. भोवती ३ मिमी मोकळीक पुरते. त्याहून जास्त ठेवली की कसारा घाटाच्या पहिल्या वळणापासून खडखडाट सुरू होतो.

मग गाडीचं माप. ट्रॅव्हलर असो की विंगर, कुठल्याही व्हॅनचा बाजूचा पत्रा सरळ नसतो. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा पत्र्याला टेकवा, कंपासचं टोक पत्र्यावरून फिरवत पुठ्ठ्यावर रेघ ओढा, कापा आणि बसवून पाहा. फट २ मिमीहून मोठी दिसली तर पुठ्ठा नवा घ्या, प्लायपेक्षा तो केव्हाही स्वस्त. डाव्या बाजूचा साचा उलटा करून उजवीकडे चालेल असं धरू नका. पाणसळ (लेव्हल) घरीच ठेवा, कारण गाडी क्वचितच सपाट उभी असते. गाडीचा तळ हीच आधाररेषा, आणि गुण्या (काटकोन मापायची पट्टी) तिथूनच लावायचा.

माल घेताना आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या मानकाचा, शिक्का असलेला प्लाय मागा. पावसाळ्यात इगतपुरीकडे मुक्काम करणार असाल तर साधा कमर्शियल प्लाय कडेने फुगतो. सांगाड्याला १२ मिमी, पाठीला ६ मिमी बस्स. १८ मिमीचा मोह टाळा: ८ बाय ४ फुटांची १२ मिमीची शीट २३ किलोच्या आसपास भरते, १८ मिमीची ३५ च्या. कापण्याची यादी कागदावर काढताना प्रत्येक कापाला पात्याचे ३ मिमी धरा, नाहीतर शेवटचा कप्पा बुटका निघतो. सनमायका एकाच बाजूला लावला की फळी वाकते, म्हणून आतल्या बाजूलाही पातळ लॅमिनेट हवं. ते रबरी चिकटाने लावू नका. एप्रिलच्या उन्हात बंद गाडी तापली की हा चिकट मऊ होतो आणि कडा उचलतात. मरीन दर्जाचा वुड ग्लू आणि रात्रभर क्लॅम्प, हे जास्त भरवशाचं.

ड्रॉवरचं गणित आधी पक्कं करा. बॉल बेअरिंगच्या टेलिस्कोपिक चॅनलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांना) दोन्ही बाजूंना प्रत्येकी साडेबारा ते तेरा मिमी लागतात, म्हणजे ड्रॉवर तोंडापेक्षा २६ मिमी अरुंद. २४ ठेवले तर अडकतो, २९ ठेवले तर चॅनल नीट पकडत नाही. घरच्या किचनसारखं चुंबक इथे चालत नाही, कारण जोरात ब्रेक मारला की आतलं सामान आपल्या वजनाच्या पाऊणपट जोराने पुढे ढकललं जातं. पुश बटण लॉक घ्या किंवा साधी कडी. उघड्या मांडणीला डब्याच्या निम्म्या उंचीपर्यंत आडवी पट्टी द्या.

प्लायच्या कडेत स्क्रू मारताना ४ मिमीच्या स्क्रूला आधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर थर सुटतात. स्क्रू स्टेनलेसचे. गाडीला पकडण्यासाठी पत्र्यात आंधळेपणाने ड्रिल घालू नका, मागे वायरिंग असतं आणि तळाखाली डिझेलची टाकी. आधीपासून असलेली भोकं शोधा, तिथे एम ६ रिव्हनट (पत्र्यात एका बाजूनेच घट्ट बसणारा आट्यांचा नट) बसवा. बाकी लागणाऱ्या पट्ट्या आणि ब्रॅकेट नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्यात लेझरवर कापून मिळतात. सीटबेल्टच्या बोल्टला काहीही अडकवायचं नाही, अगदी हूकही नाही. सीट काढून कायमचं बांधकाम करणार असाल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या नोंदीशी विसंगत बदल करू देत नाही.

सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, वरच्या जाळीचा त्याला उपयोग नाही.

चॉपिंग बोर्ड मात्र प्लायचा नको. सुकलेल्या भरीव लाकडाची फळी घ्या, ती सिंकवर झाकण म्हणूनही बसते. फुगण्यासाठी चारी बाजूंनी २ मिमी सोडा. तिला मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन चोळा. शेंगदाण्याचं तेल कालांतराने खवट होतं.

पॉलिश शक्यतो कोरड्या महिन्यांत. श्रावणात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारला की दमट हवेने पांढुरका होतो. १२० चा सँडपेपर, मग २२०, मग पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन पातळ हात, आणि कापलेल्या कडांना तिसरा. लपलेल्या कडाही सोडू नका, पाणी तिथूनच शिरतं.

सगळं बसलं की लाकूड पत्र्याला टेकतं तिथे नमद्याची (फेल्टची) किंवा रबराची पट्टी घाला, डबे भरा आणि त्र्यंबकपर्यंत जाऊन या. परतल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळा. पहिल्या फेरीत प्लाय बोल्टखाली थोडा दबतो, त्यामुळे बहुतेक बोल्ट पाव फेरा तरी घेतात.