कोंबडी मलूल दिसली तर: आधी मोजा, मग औषध

दुबळ्या कोंबडीला बाकीच्या टोचून हैराण करतात, म्हणून ती आजार लपवते. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसली, तर ती बहुधा दोन-तीन दिवस आधीपासून आजारी असते. खुडूक कोंबडीही फुगून बसते, पण हात नेला की गुरगुरते, टोचते. आजारी कोंबडी मुकाट उचलू देते.

उचलली की तिला खोक्यात किंवा पिंजऱ्यात वेगळी ठेवा. मग एकच प्रश्न: एक आजारी आहे की अनेक?

एकच असेल तर सकाळी दाणे टाकण्याआधी गळ्याखालची अन्नपिशवी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. पाण्याच्या फुग्यासारखी लागली आणि चोचीला आंबूस वास आला, तर आत अन्न आंबलंय. अशी कोंबडी उलटी धरून ते काढायला जाऊ नका, पाणी श्वासनळीत जाऊन ती हातातच मरू शकते. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं टोचलं, तर आजार जुना आहे.

शेपटी खाली, पाय फाकवून उभी, सारखी कुंथते: अंडं अडकलंय. हाताला सोसेल अशा, 38 ते 40 अंशांच्या पाण्यात पोट बुडेल असं 15-20 मिनिटं बसवा, कोरडी करा, गुदद्वाराला थोडं खाद्यतेल लावून अंधाऱ्या खोक्यात ठेवा. तासा-दोन तासांनी पुन्हा. अंडं आत फोडू नका, कवचाने इजा होऊन जंतुसंसर्ग होतो. त्याच दिवशी सुटलं नाही तर डॉक्टर गाठा. पोट पाण्याच्या पिशवीसारखं लोंबत असेल तर मात्र हे अंडं अडकणं नव्हे, बहुधा पोटातच अंडी फुटून सडतायत. घरच्या औषधाने ते सहसा बरं होत नाही.

मेअखेरच्या नवतपात सगळ्याच चोच उघडून धापा टाकतात, ते नागपुरी ऊन. सावली, गार पाणी, भोवती ओलं पोतं, लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट. संध्याकाळी गारवा आला की धाप थांबली पाहिजे.

थांबली नाही, शी हिरवट झाली, मान वळली, पंख लोंबले, तर बहुधा राणीखेत, म्हणजे मानमोडी. तिला औषध नाही, फक्त आधी दिलेली लस: पिल्लाला 5 ते 7 व्या दिवशी लासोटा, आठव्या आठवड्यापासून आर-टू-बी. लस बर्फात आणा आणि क्लोरीनच्या नळाच्या पाण्यात कालवू नका. क्लोरीनने लसच मरते, आणि लोक म्हणतात, ‘लस देऊनही कोंबड्या मेल्या.’

अनेक कोंबड्या एकाएकी मेल्या, तुरा निळा-जांभळा, तोंड सुजलेलं, तर बर्ड फ्लूचा संशय धरा. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. मेलेली कोंबडी कापू नका, विकू नका, कुठे नेऊ नका. हातमोजे-मास्क घाला, मुलांना दूर ठेवा आणि 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर कळवा. पुढचं पशुवैद्यकीय खातं सांगेल तसं.

उरलेलं अँटिबायोटिक कोंबडीला पाजू नका. डॉक्टरांनी औषध दिलंच, तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे तिथेच विचारून घ्या.