आभासी विद्यापीठाचा साहित्यसंग्रह उभारताना: नव्याने येणाऱ्यांसाठी

आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, विद्यापीठाच्या साहित्यसंग्रहाचं, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी निवडलेल्या अभ्याससाहित्याच्या यादीचं, काम हाती घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण सुरुवातीला लिंका गोळा करत सुटतो. उत्साह असतो, इंटरनेटवर साहित्याला तोटा नसतो आणि यादी वाढताना बघून बरं वाटतं. पण आमच्याकडे वेगवेगळ्या गावांतल्या महाविद्यालयांचे शिक्षक आणि ग्रंथपाल मिळून अभ्यासक्रम चालवतात, आणि बरेच विद्यार्थी कामावरून घरी आल्यावर मोबाइल उघडतात. ज्या मुलीच्या हातात रात्रीचा पाऊण तास आहे, तिला एका विषयावरच्या चाळीस लिंका देणं म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणं. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्यांना भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचे 1931 सालचे पाच नियम पाठ असतात. त्यांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, हाच या कामाचा पाया आहे असं मी मानतो.

वेळ वाचतो तो लिंकखाली लिहिलेल्या टिपेमुळे. एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. भूगोलाच्या प्रथम वर्षाला भूकंपाचा घटक आहे आणि त्यात कोयना आणि किल्लारी येणारच. मूळ संकल्पनांसाठी मराठी विश्वकोशातली नोंद आम्ही पहिली ठेवली. तिच्याखाली लिहिलं: ‘लाटांचे प्रकार आणि भूकंपमापकाचं तत्त्व समजण्यासाठी वाचा. अलीकडच्या भूकंपांचे तपशील पुढच्या लिंकवर.’ विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली आला. त्यातल्या जुन्या नोंदींची भाषा आणि मांडणी आजही भक्कम आहे, पण आकडे तपासूनच घ्यावे लागतात. हे विद्यार्थ्याला आधीच सांगितलं, की तो निर्धास्तपणे वाचतो.

दुसरी लिंक अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या भूकंपसूचीची. तारीख आणि प्रदेश टाकला की जुने भूकंप सापडतात. आता 30 सप्टेंबर 1993 ही तारीख महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. विद्यार्थी तीच तारीख टाकणार, आणि किल्लारीचा मुख्य धक्का त्याला दिसणारच नाही. सूचीतली वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ आहे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे पहाटेचे 3 वाजून 55 मिनिटं झाली होती, तिथे तो धक्का 29 तारखेला रात्री 10 वाजून 25 मिनिटांनी नोंदलेला आहे. कोयनेचंही तसंच: आपली 11 डिसेंबर 1967 ची पहाट तिथे 10 तारखेत सापडते. टिपेत एवढं एक वाक्य नसेल तर मूल पंधरा मिनिटं शोधतं, वैतागतं आणि ‘साइट चालत नाही’ म्हणून बंद करतं. म्हणून प्रत्येक लिंक विद्यार्थ्याच्या जागी बसून, त्याच्याच मोबाइलवर वापरून बघायची आणि मग टीप लिहायची. याला वेळ लागतो, चांगला लागतो, पण संग्रहाची किंमत यातच आहे.

टिपेसोबत काय काय भरायचं याचा ढाचा नव्याने शोधायची गरज नाही. अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावी 1995 साली झालेल्या कार्यशाळेतून डब्लिन कोअर ही पद्धत निघाली. तिचे पंधरा मूळ घटक आहेत: शीर्षक, निर्माता, भाषा, हक्क वगैरे. त्यांतले लागतील तेवढे घ्या आणि दोन रकाने आपले जोडा: वाचायला किंवा बघायला लागणारा वेळ, आणि मोबाइलवर नीट चालतं का. हे सगळं ठेवायला झोटेरोसारखं संदर्भ नोंदवून ठेवायचं मोफत साधन पुरतं. त्यात ग्रुप लायब्ररी, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायचा संग्रह, करता येते आणि नुसत्या लिंका व टिपा ठेवल्या तर फुकट मिळणारी 300 एमबी जागाही खर्च होत नाही.

हक्कांच्या रकान्यावर मात्र घाई करू नका. लिंक देणं वेगळं, फाइल उतरवून आपल्या सर्व्हरवर ठेवणं वेगळं. ‘नेटवर फुकट आहे’ म्हणजे ते मुक्त आहे असं होत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. आपलं साहित्य इतरांनी कोणत्या अटींवर वापरावं हे लेखक ज्यांतून आधीच जाहीर करतो, ते क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवानेही एकसारखे नसतात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या खुल्या अभ्यासक्रमांचं साहित्य बिगरव्यावसायिक अटीवर मिळतं, तर विकिपीडियाच्या मजकुराला ती अट नाही, पण त्यावरून केलेलं नवं साहित्य त्याच परवान्याखाली खुलं करावं लागतं. दोन्ही एकत्र कालवून एक नवीन टिपण केलं, तर ते दोन्ही अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. दोन स्वतंत्र लिंका दिल्या की प्रश्नच मिटतो.

मराठी साहित्याची आणखी एक अडचण आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या बऱ्याच पीडीएफ जुन्या फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना मराठी दिसते, पण एक ओळ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केली की भलतीच अक्षरं उमटतात. अशा फाइलमध्ये शोध चालत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांना मजकूर वाचून दाखवणारं स्क्रीन रीडरही ती वाचू शकत नाही. ही ओळ पेस्ट करायची चाचणी प्रत्येक पीडीएफवर करा आणि निकाल नोंदवा. टॅगचं, म्हणजे नोंद शोधता यावी म्हणून तिला लावलेल्या विषयाच्या शब्दाचंही तसंच. ‘ॲप’मधलं पहिलं अक्षर वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या संकेतांनी उमटतं, दिसतं मात्र जवळपास सारखंच. मग एका विषयाचे दोन टॅग होतात आणि अर्धं साहित्य शोधात येत नाही. टॅगची यादी एकाच व्यक्तीने ठेवावी आणि बाकीच्यांनी तिच्यातून निवडावं.

अनेकांनी मिळून काम करताना वाद होतात आणि ते झालेच पाहिजेत. प्रत्येक शिक्षकाला आपला आवडता व्हिडिओ आत हवा असतो. आमचा नियम साधा आहे: सुचवणारा एक, आणि विषय शिकवणारा पण दुसऱ्या महाविद्यालयातला तपासणारा एक. दोघांच्या होकाराशिवाय नोंद आत जात नाही, आणि नाकारली तर कारण लिहून ठेवायचं. नाकारलेल्यांची ही यादी फार उपयोगी पडते, कारण तीच लिंक सहा महिन्यांनी दुसरं कोणीतरी नव्या जोमाने आणतंच.

आणि लिंका मरतात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 2013 सालच्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून नोंद करतानाच ते पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करून त्याचा पत्ता शेजारी ठेवा, आणि प्रत्येक सत्र सुरू होण्याआधी सगळ्या लिंका उघडून बघा.

नव्याने येणाऱ्या कोणालाही आम्ही आधी फक्त एक घटक देतो, फार तर आठवडाभराच्या अभ्यासाचा. त्यासाठी पाचच नोंदी करायच्या, टिपांसकट. मग तो विषय शिकत असलेल्या एका विद्यार्थ्याला त्या वापरायला द्यायच्या आणि शेजारी गप्प बसून बघायचं, तो कुठे थांबतो ते. तो जिथे थांबेल तिथली टीप त्याच दिवशी दुरुस्त करायची, आणि मगच पुढचा घटक घ्यायचा.