आयईएलटीएस रीडिंग: पेपर सोडवून झाल्यावर सुरू होणारा सराव

आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेतल्या रीडिंगचे, म्हणजे वाचनाच्या विभागाचे, ढीगभर पेपर सोडवूनही गुण तिथल्या तिथेच, ही नेहमीची तक्रार. पेपर सोडवल्याने आजची पातळी कळते, एवढेच. ती वाढते चुकलेल्या प्रश्नांचा पिच्छा पुरवल्याने, आणि बेरीज करून वही मिटली की नेमके तेच राहून जाते.

आधी आराखडा. ४० प्रश्न, ६० मिनिटे. प्रत्येक प्रश्नाला एक गुण, चुकीच्या उत्तराला वजावट नाही. अकॅडमिक, म्हणजे उच्चशिक्षणासाठीच्या, परीक्षेत तीन उतारे मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द असतात. त्यात ४० पैकी ३० च्या आसपास उत्तरे बरोबर आली तर ७ बँड (९ पैकी श्रेणी) मिळतो. जनरल ट्रेनिंग या दुसऱ्या, नोकरी-स्थलांतरासाठीच्या, प्रकारात त्याच बँडसाठी ३४ च्या आसपास लागतात. कागदावरच्या लिसनिंगला उत्तरे उतरवायला शेवटी १० मिनिटे जादा मिळतात, रीडिंगला मिळत नाहीत. इथेही ती मिळतील असे गृहीत धरून बसलेल्यांची उत्तरे प्रश्नपत्रिकेतच राहतात. म्हणून सरावातही उत्तर थेट उत्तरपत्रिकेवर लिहा.

पहिले दोन आठवडे घड्याळ बाजूला ठेवा

एका बैठकीत एकच उतारा घ्या. प्रत्येक उत्तरासमोर परिच्छेदाचे अक्षर लिहा आणि उताऱ्यातली जी ओळ त्या उत्तराला आधार देते ती अधोरेखित करा. ओळ सापडली नाही तर उत्तर अंदाजाने द्या, पण पुढे प्रश्नचिन्ह टाका. अंदाजाने बरोबर आलेले उत्तर तपासताना चुकीतच धरायचे.

तपासल्यावर लगेच स्पष्टीकरण वाचू नका. बरोबर उत्तर आता माहीत आहे, तर ते उताऱ्यात कुठे दडले आहे हे आधी स्वतः शोधा. मग वहीत चार रकाने आखा: प्रश्नाचा प्रकार, प्रश्नातले शब्द, उताऱ्यातले शब्द आणि चुकीचे कारण. मधले दोन रकाने सर्वांत मोलाचे. प्रश्नात ‘चिल्ड्रन’ असेल तर उताऱ्यात ‘द यंग’ असते, प्रश्नात ‘एक्स्पेन्सिव्ह’ तर उताऱ्यात ‘कॉस्टली’. अशा जोड्या वाढत गेल्या की प्रश्न वाचतानाच उताऱ्यात काय शोधायचे याचा अंदाज येऊ लागतो. पाठ केलेल्या शब्दयाद्यांचा एवढा उपयोग होत नाही.

कारणाच्या रकान्यात ‘लक्ष नव्हते’ असे लिहून सुटका करून घेऊ नका. कारणे बहुधा यांपैकी एक असतात: शब्दच माहीत नव्हता, वाक्य लांबलचक असल्याने कर्ता-क्रियापद जुळले नाही, भलतीच ओळ धरली, ओळ बरोबर होती पण तिच्यातून जास्तीचा अर्थ काढला, किंवा स्पेलिंग, शब्दमर्यादा चुकली. प्रत्येकाचा इलाज वेगळा. लांब वाक्याचे कारण वारंवार येत असेल तर रोज अशी पाच वाक्ये काढा, दोन स्वल्पविरामांमधला जादा मजकूर पेन्सिलने कंसात टाका आणि उरलेले वाक्य वाचा. क्रियापद शेवटी भेटण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना याची खास गरज असते.

ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन

दिलेले विधान उताऱ्याशी जुळते (ट्रू), त्याच्या उलट आहे (फॉल्स) की उतारा त्याबद्दल काही सांगतच नाही (नॉट गिव्हन), हे ठरवायचा हा प्रकार. अनेकांचे गुण इथे जातात, त्यामुळे जास्त वेळही इथे द्यावा. समजा उताऱ्यात वाक्य आहे: ‘१९६० च्या दशकात संग्रहालयाने बहुतेक हस्तलिखितांची छायाचित्रे काढून घेतली, कारण मूळ कागद हाताळण्याजोगा राहिला नव्हता.’ आता तीन विधाने पाहा.

‘कागदाच्या अवस्थेमुळे छायाचित्रे काढावी लागली’ हे ट्रू. शब्द वेगळे, अर्थ तोच. ‘त्या दशकात सर्व हस्तलिखितांची छायाचित्रे निघाली’ हे फॉल्स, कारण ‘बहुतेक’ आणि ‘सर्व’ एकमेकांना छेद देतात. ‘त्यानंतर मूळ हस्तलिखिते लोकांना पाहायला मिळेनाशी झाली’ हे नॉट गिव्हन. कागद नाजूक म्हटल्यावर तो बंद कपाटात गेला असेल हे तर्काला पटते, पण उतारा तसे म्हणत नाही. जाणकार माणूस इथेच फसतो: विषय माहितीचा असला की उताऱ्यातली पोकळी तो स्वतःच भरून टाकतो.

कसोटी एकच. फॉल्स लिहिण्याआधी ‘नाही, उलट असे आहे’ हे वाक्य उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवून पूर्ण करता आले पाहिजे. ते जमत नसेल आणि दुजोराही मिळत नसेल, तर नॉट गिव्हन. विधानातल्या ‘ऑल’, ‘ओन्ली’, ‘ऑल्वेज’, ‘फर्स्ट’ अशा शब्दांना गोल करा. विधान बहुधा त्यांच्यावरच फिरते. या प्रकारात उत्तरे उताऱ्याच्या क्रमाने येतात. तेव्हा तिसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाच्या ओळी सापडल्या असतील तर चौथ्याची त्यांच्या मध्येच शोधायची. दोनदा वाचून नाही मिळाली तर नॉट गिव्हन लिहून पुढे जा. सूचनेत येस-नो मागितले असेल तर प्रश्न लेखकाच्या मतांबद्दल असतो. तिथे ट्रू-फॉल्स लिहू नका.

मथळे आणि रिकाम्या जागा

प्रत्येक परिच्छेदाला दिलेल्या यादीतला मथळा जुळवताना ती यादी हाताने झाका. परिच्छेद वाचून चार-पाच शब्दांत त्याचा गाभा स्वतः लिहा, मगच यादी पाहा. आधी यादी वाचली की परिच्छेदात तोच एखादा शब्द दिसताच मन तिकडे ओढले जाते, आणि चुकीचे मथळे याच हिशेबाने रचलेले असतात. पहिल्या वाक्यावर विसंबू नका. ‘हाउएव्हर’ किंवा ‘बट’ नंतर परिच्छेद कुठे वळतो ते पाहा.

रिकाम्या जागांमध्ये आधी ठरवा की नाम हवे, विशेषण हवे की आकडा. शब्दमर्यादा दोनची असेल आणि तीन लिहिले तर गुण जातो. शब्द उताऱ्यातून जसाच्या तसा उचलायचा. अनेकवचनाचा ‘एस’ गाळला तरी उत्तर चूक.

मग घड्याळ लावा

तिसऱ्या आठवड्यापासून एका उताऱ्याला २० मिनिटे. ती संपली की थांबू नका: पेनचा रंग बदला आणि उरलेले प्रश्न सावकाश पुरे करा. आता दोन गुणसंख्या मिळतात, वेळेतली आणि एकूण. दोन्हींत मोठी तफावत असेल तर वेग कमी पडतोय. दोन्ही कमी असतील तर वेगाच्या युक्त्या शोधत बसू नका, भाषाच कच्ची आहे. पुन्हा घड्याळाशिवाय वाचन.

पूर्ण पेपर आठवड्यातून एकच, आणि त्याच्या तपासणीला सोडवण्याइतकाच वेळ. तिसरा उतारा बहुधा सर्वांत जड असतो, म्हणून १७, २०, २३ अशी मिनिटांची वाटणी करून पाहा. प्रश्नातले कोणते शब्द उताऱ्यात शोधायचे हेही इथेच शिकायचे: नावे, साल, तांत्रिक संज्ञा सहसा बदलत नाहीत, म्हणून नजर त्यांच्यावरून फिरवायची. बाकीचे शब्द बदललेलेच असतील. एका प्रश्नावर दीड मिनिटाहून अधिक गेले तर काहीतरी उत्तर लिहून खूण करा. वजावट नसताना रिकामी जागा सोडण्यात फायदा काहीच नाही.

परीक्षा संगणकावर असेल तर निदान शेवटचे चार पेपर पडद्यावर सोडवा. तिथे उतारा एका बाजूला आणि प्रश्न दुसऱ्या बाजूला असतात, ओळ रंगवायची सोय असते, पण कागदावर बोट फिरवून वाचणाऱ्याला सुरुवातीला चुकल्यासारखे होते. अधिकृत जुने पेपर मोजकेच असतात, तेव्हा ते वेळ लावून सोडवण्यासाठी राखून ठेवा. रोजच्या वाचनाला विज्ञान, इतिहास, समाज या विषयांवरचे ७०० ते ९०० शब्दांचे कोणतेही लेख चालतील. आणि तीन आठवड्यांनी जुन्या पेपरातले फक्त चुकलेले प्रश्न परत काढा. उत्तर आठवत असले तरी चालेल, आधाराची ओळ दाखवता येते का ते पाहा.