बोटाला हाड लागलं पाहिजे

माणसाच्या चालीचं मोजमाप शिकायला आलेल्यांची नजर आधी कॅमेऱ्यांवर जाते. माझीही गेली होती. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, संपवून खानापूरहून रोज बेळगावला ये-जा करायला लागले, तेव्हा भिंतीवरचे इन्फ्रारेड कॅमेरे आणि जमिनीत बसवलेली, पावलाचा जोर मोजणारी फोर्स प्लेट बघून वाटलं, आता मोजायचं काम मशीनचं. तसं नसतं. कॅमेऱ्याला हाड दिसतच नाही. त्याला दिसतो आपण कातडीवर चिकटवलेला चकाकणारा मार्कर, आणि तो सेंटिमीटरभर चुकला की पुढचे सगळे कोन चुकतात.

म्हणून आधी बोटं तयार करा. मानेचा सातवा मणका शोधायचा तर रुग्णाला मान खाली घालायला सांगा, वर आलेल्या दोन टोकांवर दोन बोटं ठेवा आणि मान सावकाश मागे न्यायला लावा. सहावा बोटाखालून आत सरकतो, सातवा तिथंच राहतो. मी घरात आजीपासून धाकट्या भावापर्यंत सगळ्यांच्या पाठी चाचपल्या. बारीक पाठीवर जमलं म्हणून जाड पाठीवर जमेल असं नाही.

पहिल्याच आठवड्यात माझी चूक झाली ती नॅव्हिक्युलर ड्रॉपमध्ये, म्हणजे उभं राहिल्यावर पावलाची कमान किती खचते ते मोजण्यात. चाचणी अगदी साधी. रुग्णाला बसवून घोट्याच्या पुढे, आतल्या बाजूच्या नॅव्हिक्युलर हाडाच्या उंचवट्यावर पेनाने ठिपका द्यायचा, पावलाशेजारी कार्ड उभं धरून उंचीची खूण करायची. मग उभं करून पुन्हा खूण. दोन खुणांमधलं अंतर 10 मिलिमीटरच्या वर गेलं तर कमान जास्त खचते असं साधारण धरतात. एकाच पायाचं माझं माप एका दिवशी 6 आलं, दुसऱ्या दिवशी 11. म्हणजे एका दिवशी पाय ठीक, दुसऱ्या दिवशी सपाट! सरांनी काही न बोलता माझं बोट धरून उभ्या रुग्णाच्या पायावर ठेवलं. ठिपका एकीकडे, हाड दुसरीकडे. उभं राहिल्यावर कातडी सरकली होती आणि मी शाईवर विश्वास ठेवला होता. उभं केल्यावर हाड पुन्हा चाचपायचं, आणि प्रत्येक माप तीनदा घ्यायचं. ही सवय मला तिथं लागली.

रिपोर्ट वाचताना कुठलं मॉडेल वापरलंय, म्हणजे मार्करांवरून शरीराचे किती वेगळे भाग धरलेत, ते आधी बघा. पावलात 26 हाडं, पण नेहमीच्या मॉडेलमध्ये अख्खं पाऊल एकच फळी धरलेलं असतं, त्यामुळे कमान खचली तरी आकड्यात येत नाही. ऑक्सफर्ड फूट मॉडेलमध्ये टाच, चवडा आणि अंगठा वेगळे मोजतात. पाठीचंही तेच. छाती म्हणजे एक ठोकळा धरला, तर कमरेच्या पाच मणक्यांत काय चाललंय ते कळणार कसं?

आणि चपला काढून ठेवायच्या आधी बघा. अथणीकडच्या कातडी चपलेवर वर्षभराची चाल उमटलेली असते. ऊसकरी एक काका आले होते. त्यांची उजवी टाच आतल्या कडेला कागदासारखी झिजलेली, डावी जवळजवळ नव्यासारखी. आम्ही उजव्या पायाच्या टाचेवर जास्त वेळ घालवला तो त्यामुळे.

आपल्याकडे निम्मे रुग्ण कानडी बोलतात. ‘नडीरी’ म्हणजे चला, एवढं तरी यायलाच हवं. ‘सावकाश’ दोन्हीकडे चालतं. प्लेटवर पाय टाका असं मात्र कुठल्याच भाषेत सांगू नका. माणूस प्लेटकडे बघून पाऊल मापतो आणि चाल बिघडते. त्याऐवजी पाय आपसूक प्लेटवर पडेल अशी सुरुवातीची जागा थोडी मागंपुढं करा. काकाही कॅमेऱ्यासमोर ताठ, परेडसारखे चालत होते. फेरी संपवून जागेवर परत जाताना मात्र खांदा उजवीकडे झुकला, पाय ओढला गेला, आणि तेव्हा रेकॉर्डिंग बंद होतं. त्या दिवसापासून मी परतीची फेरीही रेकॉर्ड करते.