संघबदल आणि मोबदला: अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या वादात उतरण्यापूर्वी

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलचा हंगाम संपत येतो, जानेवारीत खेळाडूंना संघ बदलण्याची मुदत सुरू होते आणि ओहायोपासून टेक्सासपर्यंत प्रत्येक विद्यापीठाच्या गावात एकच वाद पेटतो. एक बाजू म्हणते की पैशापायी निष्ठा संपली. दुसरी म्हणते की ज्यांच्या जिवावर लाखभर लोकांचे स्टेडियम भरते, त्यांना आता कुठे हक्काचा वाटा मिळू लागला आहे. अशा गावांत शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या किंवा मुलांना शिकवणाऱ्या मराठी मंडळींना एकदा शनिवारच्या सामन्यांची गोडी लागली की या वादापासून फार काळ अलिप्त राहता येत नाही. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे. माझे मत मी लपवणार नाही. पण आपले मत कोणतेही असो, ते मांडण्यापूर्वी काय विचारावे आणि कोणती गल्लत टाळावी, हे सांगणे हा या लेखनाचा हेतू आहे.

सर्वांत मोठी गल्लत ‘पैसे’ या एकाच शब्दात होते. अमुक क्वार्टरबॅकला, म्हणजे संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, वीस लाख डॉलर मिळाले असे कोणी सांगितले, तर पहिला प्रश्न असा विचारावा की ते कोणाच्या तिजोरीतून आले. खेळाडूच्या हाती पैसा आज निदान तीन वाटांनी येतो. पहिली वाट जुनी आहे: शिष्यवृत्ती, म्हणजे शिक्षणशुल्क, राहणे, जेवण आणि पुस्तके यांचा खर्च. दुसरी वाट अगदी नवी आहे. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ रोजी, खेळाडूंनी मोबदल्यासाठी लावलेल्या ‘हाऊस’ खटल्यातील तडजोडीला मान्यता दिली आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना आपल्या क्रीडा-उत्पन्नातील वाटा थेट खेळाडूंना देता येऊ लागला. २०२५-२६ या वर्षासाठी एका विद्यापीठाला त्याची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे, आणि ती एकट्या फुटबॉलची नसून सर्व खेळांची मिळून आहे, हे चर्चेत हमखास विसरले जाते. तिसरी वाट एनआयएलची, म्हणजे खेळाडूचे नाव, छबी आणि ओळख वापरण्याबद्दल बाहेरच्या कंपन्यांनी किंवा चाहत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या ‘कलेक्टिव्ह’ संस्थांनी दिलेल्या मोबदल्याची. अशा बाहेरच्या करारांपैकी ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा प्रत्येक करार आता ‘एनआयएल गो’ या यंत्रणेकडे नोंदवावा लागतो, आणि त्यामागे खरा व्यावसायिक हेतू आहे की जाहिरातीच्या नावाखाली निव्वळ पगार दिला जात आहे, याची छाननी होते.

या तीन वाटा वेगळ्या केल्या की अर्धे भांडण तिथेच मिटते. विद्यापीठाने शुल्क वाढवून खेळाडूंना पैसे दिले, हा आरोप दुसऱ्या वाटेबद्दल करता येईल; पण गावातल्या मोटारविक्रेत्याने स्वतःच्या जाहिरातीसाठी दिलेल्या पैशाबद्दल तो करता येणार नाही. उलट श्रीमंत माजी विद्यार्थी संघच विकत घेत आहेत, ही तक्रार तिसऱ्या वाटेची आहे. त्याच तडजोडीत माजी आणि तत्कालीन खेळाडूंना मागील वर्षांची भरपाई म्हणून सुमारे २.८ अब्ज डॉलर दहा वर्षांत देण्याचे ठरले, तो हिशेब या सगळ्याहून निराळा आहे. आणखी एक पथ्य पाळावे. वर्तमानपत्रांत येणारे बहुतेक आकडे एजंटांकडून किंवा नाव न सांगणाऱ्या माहीतगारांकडून आलेले असतात आणि करार सहसा प्रसिद्ध होत नाहीत. म्हणून आकडा सांगताना ‘अशी बातमी आहे’ एवढेच म्हणावे. त्यावर संपूर्ण युक्तिवादाची इमारत उभी करू नये.

दुसरी तयारी इतिहासाची. कॉलेज फुटबॉलमध्ये पैसा आत्ता आला, असे म्हणणाऱ्याला नम्रपणे काही तारखा सांगाव्यात. अमेरिकेतील विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने क्रीडा-शिष्यवृत्तीला उघड परवानगी १९५६ मध्ये दिली. त्याच सुमारास ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ करण्यात आला, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कोलोराडोतील एका छोट्या कॉलेजचा रे डेनिसन नावाचा खेळाडू १९५५ मध्ये सामन्यात झालेल्या दुखापतीने मरण पावला आणि त्याच्या पत्नीने कामगाराला मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ती नाकारली. खेळाडू हा कर्मचारी ठरू नये, ही चिंता त्या शब्दाच्या जन्माशी जोडलेली होती, आणि एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे तसे लिहून ठेवले आहे. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द आपण सहज वापरतो, तेव्हा त्याच्यामागे ही विधवा उभी आहे, हे मला विसरता येत नाही.

पुढे १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणी हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली, आणि विद्यापीठांना व त्यांच्या गटांना, ज्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आपापले प्रक्षेपण हक्क विकता येऊ लागले. पैशाचा पूर खऱ्या अर्थाने तिथून आला. तो प्रशिक्षकांच्या पगारात आणि स्टेडियमच्या बांधकामात गेला. खेळाडूच्या खिशात मात्र उघडपणे जाऊ शकला नाही. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल १९८७ चा त्यांचा संपूर्ण हंगाम रद्द करण्यात आला. रेजी बुश या खेळाडूने २००५ ची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे हंगामातील सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा पुरस्कार, अशाच लाभांच्या प्रकरणामुळे २०१० मध्ये सोडली, आणि ती त्याला परत मिळायला एप्रिल २०२४ उजाडले. म्हणून पूर्वी पैसा नव्हता असे न म्हणता, पूर्वी तो खेळाडूपर्यंत पोहोचण्यास मनाई होती, असे म्हणणे सत्याला धरून होईल.

याच ठिकाणी एक लोकप्रिय चूक सुधारून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंना पगार मंजूर केला, असे अनेक जण ठामपणे सांगतात. २१ जून २०२१ च्या ‘ऑल्स्टन’ खटल्यातील एकमताचा निकाल केवळ शिक्षणाशी निगडित लाभांवरील मर्यादांपुरता होता. एनआयएलचे दार १ जुलै २०२१ रोजी उघडले, ते राज्यांनी केलेल्या कायद्यांच्या रेट्यामुळे. त्यातील पहिला कायदा कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०१९ मध्ये केला होता. ऑल्स्टनच्या निकालाने एनसीएएची कायदेशीर बाजू लंगडी केली, हे मात्र खरे.

आता संघबदलाकडे वळू. येथे भावना अधिक तीव्र असतात, कारण आपण ज्या मुलाचे नाव असलेली जर्सी विकत घेतली तो पुढच्या वर्षी प्रतिस्पर्ध्याच्या रंगात दिसतो. पूर्वी पदवी पूर्ण न करता संघ बदलणाऱ्या फुटबॉलपटूला एक वर्ष मैदानाबाहेर बसावे लागे, आणि दुसऱ्या कॉलेजशी बोलण्यासाठीही जुन्या संघाची परवानगी आवश्यक असे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले आणि परवानगीची जागा सूचनेने घेतली: खेळाडूने कळवले की कॉलेजने त्याचे नाव यादीत घालायचे. २०२१ मध्ये एकदा विनाअट संघ बदलण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने दुसऱ्या बदलानंतर बसवून ठेवण्याच्या नियमाला स्थगिती दिली, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा संघ बदलता येतो. २०२६ साठी फुटबॉलमध्ये नाव देण्याची मुख्य मुदत २ ते १६ जानेवारी अशी एकच ठेवण्यात आली.

एखाद्या खेळाडूच्या जाण्यावर मत देण्यापूर्वी तीन गोष्टी शोधाव्यात: त्याने पदवी घेतली होती का, त्याला आणणारा प्रशिक्षक अजून तिथे होता का, आणि त्याने कोणता लेखी करार मोडला का. उदाहरणे पाहिली की हे प्रश्न का महत्त्वाचे आहेत ते कळते. जो बरोने २०१८ मध्ये ओहायो स्टेटमधून पदवी घेतली, तिथे पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक होण्याची आशा दिसेना म्हणून तो लुइझियाना स्टेटला गेला आणि २०१९ मध्ये त्याने हाइजमन व राष्ट्रीय विजेतेपद दोन्ही मिळवले. त्याला कोणी गद्दार म्हणत नाही. फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियाहून इंडियानाला गेला आणि २०२५ चा हाइजमन विजेता ठरला. निको इआमालेआवा मात्र एप्रिल २०२५ मध्ये मोबदल्याच्या वाटाघाटींच्या बातम्या चालू असताना टेनेसी सोडून यूसीएलएला गेला, आणि त्याच्यावर टीकेची झोड उठली. मॅथ्यू स्लुकाने सप्टेंबर २०२४ मध्ये, संघ तिन्ही सामने जिंकलेला असताना, नेवाडा-लास व्हेगास संघ सोडला. तोंडी कबूल केलेले एक लाख डॉलर मिळाले नाहीत, असे त्याच्या बाजूचे म्हणणे होते आणि विद्यापीठाने ते मान्य केले नाही. झेवियर लुकासचे प्रकरण आणखी वेगळे आहे. तो विस्कॉन्सिनहून मायामीला पोर्टलमध्ये नाव न येताच गेला, आणि जून २०२५ मध्ये विस्कॉन्सिनने, त्याच्याशी आपला लेखी करार असताना हस्तक्षेप केल्याचा आरोप ठेवून मायामीवरच दावा लावला. पदवी घेऊन गेलेला, शब्द मोडला म्हणून गेलेला आणि करार असताना गेलेला, या तिघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

आणि माप लावायचेच तर ते प्रशिक्षकालाही लावावे. हा माझ्या दृष्टीने सर्व चर्चेचा गाभा आहे. लिंकन रायली नोव्हेंबर २०२१ मध्ये ओक्लाहोमा सोडून सदर्न कॅलिफोर्नियाला गेले. त्याच आठवड्यात ब्रायन केली नोत्र दाम सोडून लुइझियाना स्टेटला गेले. लेन किफिन यांनी ३० नोव्हेंबर २०२५ रोजी, त्यांचा मिसिसिपीचा संघ प्लेऑफच्या उंबरठ्यावर असताना, लुइझियाना स्टेटची नोकरी पत्करली. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढले, तेव्हा न केलेल्या कामासाठी सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर देणे लागले. विद्यापीठेही तशीच वागली: अधिक पैशासाठी संघ पॅसिफिक कॉन्फरन्समधून एकामागून एक निघून गेले आणि २०२४ मध्ये तिथे ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट अशी दोनच उरली. एकोणीस वर्षांच्या मुलाकडून जी निष्ठा आपण मागतो, ती पन्नाशीच्या प्रशिक्षकाकडून आणि कुलगुरूंच्या कार्यालयाकडून मागितली होती का, हा प्रश्न प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावा. मीही एका क्वार्टरबॅकच्या जाण्यावर वर्षभर चिडून बोललो होतो. त्याला आणणारा प्रशिक्षक त्याच्याआधी तीन आठवडे निघून गेला होता, हे मला नंतर कळले आणि वाईट वाटले.

तथापि, समोरच्याची सर्वांत भक्कम बाजूही प्रामाणिकपणे मांडावी. मध्यम किंवा छोट्या विद्यापीठाने दोन वर्षे घडवलेला खेळाडू मोठे विद्यापीठ एका आठवड्यात उचलते, हे नुकसान खरे आहे. तीन कॉलेजे बदलणाऱ्या मुलाचे सगळे क्रेडिट नव्या ठिकाणी धरले जातीलच असे नाही, आणि पदवी लांबते, हेही खरे आहे. पोर्टलमध्ये नाव दिल्यावर जुने कॉलेज शिष्यवृत्ती थांबवू शकते आणि नवा संघ प्रत्येकाला मिळतोच असे नाही. प्रसिद्ध नावांच्या गजरात या मुलांचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. तडजोडीनुसार ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली, त्यात शिष्यवृत्तीविना घाम गाळणाऱ्या अनेक मुलांच्या जागा धोक्यात आल्या. उत्पन्नाचा मोठा भाग फुटबॉलकडे गेला तर जलतरण, कुस्ती आणि मुलींच्या संघांचे काय होईल, आणि स्त्री-पुरुष समानतेचा १९७२ चा टायटल नाइन कायदा या वाटणीला कसा लागू होईल, हे प्रश्न टाळता येण्यासारखे नाहीत. माझे मत असे की यावरचा उपाय खेळाडूला पुन्हा बांधून ठेवणे हा नसून, दोन्ही बाजूंना बांधणारा, मुदत आणि भरपाई स्पष्ट लिहिलेला करार हा आहे. त्यासाठी खेळाडूंच्या संघटनेशी सामूहिक वाटाघाटी करण्याला विद्यापीठांनी तयार व्हावे लागेल, आणि ती तयारी अजून दिसत नाही.

चर्चा घरच्या बिलापर्यंत आणली तर ती अधिक नेमकी होते. टेनेसी विद्यापीठाने २०२५ च्या हंगामी फुटबॉल तिकिटांवर दहा टक्के ‘टॅलेंट फी’ लावली, म्हणजे प्रेक्षकाला आपला वाटा उघड दिसू लागला. आपले मूल जिथे शिकते तिथल्या शुल्कपत्रकात क्रीडाविषयक शुल्क वेगळे दाखवले आहे का, ते पालकांनी पाहावे आणि मगच ‘आमच्या पैशावर’ हा शब्दप्रयोग करावा.

भारतातून विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर गेलेल्या खेळाडूंच्या कुटुंबांसाठी, मग खेळ टेनिस असो, गोल्फ असो किंवा जलतरण, या विषयाला आणखी एक पदर आहे. त्या व्हिसावर अमेरिकेत कोणते काम करता येते यावर कडक बंधने आहेत आणि एनआयएलचा करार अनेकदा कामात मोडतो. म्हणूनच अनेक परदेशी खेळाडूंनी जाहिरातींचे चित्रीकरण अमेरिकेबाहेर असताना केले आहे. सोबतच्या अमेरिकी खेळाडूने सही केली म्हणून आपल्या मुलीनेही करावी, असे येथे चालत नाही. प्रशिक्षक किंवा एजंट तोंडी काही सांगत असले, तरी सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे, व्हिसा कायदा जाणणाऱ्या वकिलाला करार दाखवावा, आणि ते उत्तर हाती येईपर्यंत एकही डॉलर स्वीकारू नये.