माणदेशी लोकर हातानं कातायला शिकायची असेल तर

म्हसवड, दहिवडी, आटपाडी किंवा जतकडे लोकर कातायला शिकायला यायचं ठरवलं असेल, तर लगेच चरखा विकत घेऊ नका. मी कराडहून म्हसवडला एका सनगर, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या समाजातल्या, कुटुंबाकडे जायला लागले, तेव्हा सुरुवातीचे कित्येक आठवडे मला चरख्याला हात लावू दिला नाही. "आधी बोटं लोकरीत जाऊ देत. चरखा काय पळून जात न्हाई," असं मावशी म्हणायच्या. त्यांचं म्हणणं किती खरं होतं हे आता रोज पटतं. सूत कसं येणार हे चरख्यावर बसायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. लोकर कुठल्या मेंढीची, तिच्या अंगाच्या कुठल्या भागाची आणि किती उकललेली, यावर ते ठरतं.

आपल्या दुष्काळी पट्ट्यातली मेंढी म्हणजे दख्खनी. बहुतेक काळी, काही करड्या, काही पांढऱ्या. वर्षातून दोनदा कातरली तरी एका मेंढीची दोन्ही वेळची लोकर मिळून जेमतेम अर्धा किलो भरते. ती जाड आणि केसाळ असते, आणि तिच्यात पोकळ गाभ्याचे राठ केस बरेच असतात. इंटरनेटवर मेरिनोची मऊ, लांब लोकर पाहून इकडे येणारी मुलं पहिल्या दिवशी हिरमुसतात. तसं होऊ देऊ नका. ही लोकर अंगाला चिकटणाऱ्या स्वेटरसाठी नाहीच. ती घोंगडीसाठी आहे, जेनासाठी, म्हणजे लोकर न विणता दाबून जमवलेल्या जाड अंथरुणासाठी आहे, आसनासाठी आहे. काट्याकुट्यात अंगावर घ्यायची, पावसात खोळ करून डोक्यावर ओढायची, रात्री उघड्या माळावर अंथरायची, अशा कामाला हिच्यासारखी लोकर नाही. माझं ठाम मत आहे की या लोकरीतून बारीक सूत काढायचा हट्ट नवशिक्यानं धरू नये. तिला जाड, घट्ट, एकसारखं सूत शोभतं.

जत तालुक्यातली माडग्याळी मेंढी नावाजलेली आहे. उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, बाकदार नाक. पण ती मटणासाठी पाळतात, अंगावर लोकर फार कमी. तिची लोकर मागायला जाऊ नका. खरं तर सगळा व्यवहारच मटणाकडे झुकला आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनीत आणला आणि 'नारी सुवर्णा' तयार केली, तीही मेंढपाळाला कोकरं जास्त मिळावीत म्हणूनच. त्यात मेंढपाळाचं भलं आहे. पण त्यामुळे लोकर ही मागं उरलेली वस्तू झाली, कातरून बांधाला टाकलेली लोकरही मी पाहिली आहे. लोकर शोधायला निघणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

मग लोकर मिळते कुठं? लोणंद आणि आटपाडीचे बाजार शेळ्यामेंढ्यांचे आहेत. तिथं जनावर मिळतं, पोत्यात भरलेली लोकर क्वचितच. पण मेंढपाळांशी ओळख तिथंच होते, म्हणून एकदोनदा जाऊन यावं. दहिवडीला आणि कवठेमहांकाळ तालुक्यातल्या रांजणीला शेळी-मेंढी महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत. तिथं वेगवेगळ्या मेंढ्यांच्या अंगावरची लोकर शेजारी शेजारी पाहायला मिळते. कातरणी साधारण पाऊस सरल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा होते, कळपागणिक पुढंमागं. फलटण भागातले बरेच धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात, म्हणून त्यांच्याकडची लोकर हवी असेल तर ते निघण्याआधी बोलणी करा. कातरणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. आदल्या दिवशी मेंढ्या ओढ्यात किंवा तळ्यात धुतल्या असतील, तर निम्मी घाण तिथंच जाते.

हजर राहण्याचं आणखी एक कारण आहे. खांद्यावरची आणि बरगड्यांवरची लोकर लांब आणि स्वच्छ असते. पोटाखालची चिखलाची, पायांची आणि शेपटीकडची आखूड आणि राठ. ढीग एकत्र झाला की हे वेगळं करता येत नाही. कातर एकाच जागी दोनदा फिरली की आखूड तुकडे पडतात, आणि पुढं सुतात त्याच्याच गुठळ्या होतात, म्हणून लोकर उचलताना झटकून घ्या. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. ही सगळ्यात मऊ, आणि जावळाच्या घोंगडीला मान वेगळाच. पण शिकताना जावळ वापरू नका. ती थोडीच मिळते आणि नवख्या हातात वाया जाते.

एक गोष्ट मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. मेलेल्या जनावराची किंवा कुठून आली ते माहीत नसलेली लोकर घ्यायची नाही. अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी, लोकरीतून माणसाला होते, आणि तिचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात. डोळ्यांदेखत कातरलेल्या निरोगी मेंढीचीच लोकर घ्या. उकलताना आणि पिंजताना तोंडाला फडकं बांधा, धूळ फार उडते.

धुण्याबद्दल थोडक्यात सांगते. जुन्या घरांत मेंढीच्या अंगावर धुतलेली लोकर तशीच पिंजतात. मी ती रात्रभर गार पाण्यात भिजवते, मग कोमट पाण्यात रिठा घालून बुडवते आणि न चोळता उचलते. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर घट्ट जमते. जेन करताना मुद्दाम हेच करतात, सुताच्या लोकरीला ते मारक. सावलीत, बाजेवर पसरून वाळवा. पुरती वाळल्याशिवाय पोत्यात भरू नका आणि ओशट लोकर फार दिवस साठवू नका, कसर लागते.

आता उकलणं. सगळं शिक्षण इथं आहे आणि सगळे इथंच घाई करतात. माणदेशातली मेंढी माळावर चरते, त्यामुळे लोकरीत कुसळं, गोखरू, वाळलेली पानं अडकलेली असतात. चिमूटभर लोकर घ्यायची, दोन्ही हातांच्या बोटांनी बाजूला ओढायची, कचरा खाली पाडायचा, झुबका हलका होईपर्यंत हेच. मावशी उजेडाकडे तोंड करून बसायच्या आणि झुबका वर धरून पाहायच्या. आरपार सगळीकडे सारखा दिसला तरच टोपलीत, नाहीतर पुन्हा बोटांत. हे करता करता कुठला केस लांब, कुठला ठिसूळ, कुठला नुसता राठ हे बोटांना कळायला लागतं. पुढं सूत ओढताना हीच ओळख कामी येते. डोळे तेव्हा चातीकडे, म्हणजे सूत जिच्यावर पिळलं आणि गुंडाळलं जातं त्या फिरत्या काडीकडे असतात, लोकर बोटांनीच ओळखावी लागते.

उकलल्यावर पिंजायचं. धनुकलीच्या तातीनं, म्हणजे पिंजायच्या धनुष्याच्या दोरीनं पिंजलेली लोकर अजून काही घरांत पाहायला मिळते. जिथं मिळेल तिथं बसून पाहा, कारण तात लोकरीला न तोडता फुलवते. घरी सुरुवातीला तारेच्या दातांच्या दोन फण्या पुरतात. एकीवर लोकर पसरायची, दुसरी हलक्या हातानं ओढायची. दात एकमेकांत रुतवून ओढलंत तर केस तुटतात. मग पिंजलेल्या लोकरीच्या बोटाएवढ्या जाडीच्या सैल वळकट्या, म्हणजे पेळू करायचे. घट्ट वळलेल्या पेळूतून लोकर सरत नाही.

यानंतर टकळी, म्हणजे हातानं भोवऱ्यासारखी फिरवायची चाती. चरख्यावर पीळ वेगानं पडतो आणि नवखा माणूस त्याच्या मागं धावत राहतो. टकळीवर पीळ वर चढताना दिसतो, हवं तिथं थांबवता येतो. सुती टकळी फार हलकी पडते. जाड लोकरीला पन्नास-साठ ग्रॅमची लाकडी टकळी बरी. एका हातानं फिरवा, दुसऱ्या हाताच्या चिमटीनं पीळ अडवून धरा, वर लोकर हवी तेवढी बारीक होईपर्यंत ओढा, मग चिमूट सोडा. जिथं सूत बारीक असतं तिथं पीळ आधी धावतो आणि जाड जागा पिळावाचून राहते. एकसारखं सूत म्हणजे एकसारखं ओढणं, एवढं इथं हाताला समजलं की चरखा अवघड जात नाही.

चरख्याबद्दल एक सूचना. पेटी चरखा सुती सुतासाठी बनला आहे, त्याची चाती फार जोरात फिरते. आपल्या लोकरीला मोठ्या चाकाचा, जाड चातीचा, संथ चरखा लागतो. उजव्या हातानं चाक, डाव्या हातात पेळू. सूत चातीच्या टोकाशी तिरकं धरलं की दर फेऱ्याला टोकावरून घसरतं आणि पीळ पडतो. हात चातीशी काटकोनात आणला की ते गुंडाळलं जातं. चाक आणि चाती जोडणारी दोरी म्हणजे माळ. ती सैल झाली तर पीळ कमी पडतो, म्हणून बसण्याआधी माळ तपासायची सवय लावा.

पीळ बरोबर आहे का हे पाहायला दोन गोष्टी करा. वीतभर सूत दोन्ही हातांत धरून हळू ताणा, सरकत सुटलं तर पीळ कमी. मग सैल सोडा, लगेच गाठी मारून वळवळायला लागलं तर जास्त. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला पीळ जास्त हवा, कारण त्याला चिंचोक्याची खळ लावून मागावर ताणायचं असतं. बाण्याचं, म्हणजे आडवं सूत जरा मऊ चालतं. शिकतानाचं सूत बाण्याला द्या.

कमाईबद्दल सरळच सांगते, कारण कोणी सांगत नाही. एका घोंगडीला दोन-अडीच किलो लोकर लागते, म्हणजे धुण्यातली आणि उकलण्यातली घट सोडूनही चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची लोकर. ती सगळी हातानं उकलायची, पिंजायची, कातायची. या वेळेची मजुरी धरली तर पानिपतच्या गिरणीतल्या ब्लँकेटशेजारी ठेवलेल्या घोंगडीच्या भावात ती बसत नाही. म्हणूनच अनेक मागांवर आता गिरणीचं सूत चढतं. यावर एकट्यानं घर चालवायचं ठरवून नोकरी सोडू नका. पहिलं वर्षभर वही ठेवा: कच्ची लोकर किती, धुतल्यावर किती, सूत किती, तास किती. ही वही हातात असेल तर गिऱ्हाइकाला भाव सांगताना आवाज खाली जात नाही. आणि ज्यांच्या दारात शिकता त्यांना शिकवण्याचे पैसे द्या. धनगर आणि सनगर घरांतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं आणि त्याची मजुरी फार कमी मिळाली. आपण शहरातून येऊन फुकट शिकावं हे मला मान्य नाही.

सूत साठलं की विणकराकडे जाण्याआधी त्यांना भेटून त्यांच्या मागाच्या फणीतून किती जाडीचं सूत जातं ते विचारा आणि नमुन्याचा तुकडा घरी घेऊन या. कातताना तो तुकडा समोर बांधून ठेवा आणि मधूनमधून त्याच्याशी ताडून पाहा. काळं, करडं, पांढरं वेगवेगळं ठेवा. काळ्यावर रंग चढत नाही आणि राठ केस रंग धरत नाहीत, म्हणून पट्टे नैसर्गिक रंगांतच आखा. लडी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून पिळाला बसू द्या, वाळल्यावर वजन करून चिठ्ठी लावा. ताण्याची आणि बाण्याची गाठोडी वेगळी बांधा, विणकर आधी तेच विचारतात.