घरफाळ्याची नोंद दुरुस्त कशी करून घ्यावी: कोल्हापूर शहरातील मिळकतदारांसाठी

पुण्यात मिळकतकर म्हणतात, कोल्हापुरात घरफाळा. बिल हातात पडले की बहुतेक जण खालची एकूण रक्कम बघतात आणि एक तर भरून टाकतात, नाही तर कपाटात ठेवतात. बघायला हव्यात त्या वरच्या ओळी. नाव, क्षेत्रफळ, वापर आणि बांधकामाचे वर्ष या चार नोंदी तिथे असतात. यातली एक जरी चुकली असेल तर ती चूक दरवर्षीच्या बिलात तशीच उतरत राहते. ‘घरफाळा फार आला आहे, कमी करावा’ या अर्जावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. ‘अमुक नोंद चुकली आहे, हा तिचा पुरावा’ या अर्जावर मात्र त्याला पाहणी करावी लागते आणि लेखी निर्णय द्यावा लागतो.

आधी दोन उतारे

पहिला आकारणी उतारा, म्हणजे घरफाळा ज्या नोंदींवर ठरतो त्यांचा कागद. तो महापालिकेच्या नागरी सुविधा केंद्रात किंवा आपल्या विभागीय कार्यालयात मिळतो. शहरात गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालये आहेत. आपली मिळकत कुणाकडे येते हे बिलावरून कळते. अर्ज करताना पेठ आणि गल्ली सांगून काम होत नाही. बिलावरचा मिळकतीचा क्रमांक, वॉर्डाचे अक्षर (ए, बी, सी, डी, ई) आणि सिटी सर्व्हे नंबर तिन्ही लिहा. एकाच सिटी सर्व्हे नंबरावर भावाभावांच्या तीन-चार वेगळ्या नोंदी असणे जुन्या पेठांत नेहमीचेच आहे. नुसता सर्व्हे नंबर दिला तर हाती भलताच उतारा येतो.

दुसरा उतारा म्हणजे मालमत्ता पत्रक, लोकांच्या तोंडी प्रॉपर्टी कार्ड. ते सिटी सर्व्हे कार्यालयाचे, म्हणजे भूमी अभिलेख खात्याचे. महापालिकेशी त्याचा संबंध नाही आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. प्रॉपर्टी कार्डावर नाव लागले म्हणून घरफाळ्याला नाव लागत नाही, आणि घरफाळ्याला नाव लागले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. दोन खाती, दोन अर्ज, दोन पोचपावत्या. घरफाळ्याची पावती म्हणजे कर कोणी भरला याचा पुरावा, एवढेच.

क्षेत्रफळ: इथे पैसे अडकलेले असतात

कोल्हापुरात आकारणी भांडवली मूल्यावर होते. पाया असतो रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेच्या किमतीचा दर. त्याला मिळकतीचे क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचे वय यांचा हिशेब लागतो. रेडीरेकनरचा दर आपल्या हातात नाही, उरलेल्या चारही गोष्टी तपासता येतात.

मोजमाप स्वतः करा. एक टेप, एक मदतनीस आणि एक कोरा कागद पुरतो. खोलीवार लांबी-रुंदी लिहा, मजला वेगळा ठेवा. जिना, माडी, न्हाणीघर, परड्यातले पत्र्याचे शेड असे एकेक वेगळे मांडा, कारण शेडला आरसीसीचा दर लागला असेल तर तो इथेच सापडतो. चौरस फुटांचे चौरस मीटर करायला १०.७६४ ने भागायचे. साडेबारा फूट बाय सोळा फुटांची खोली २०० चौरस फूट, म्हणजे १८.५८ चौरस मीटर. उताऱ्यावरचा आकडा कोणत्या एककात आहे आणि तो चटई क्षेत्राचा (भिंतींच्या आतले) आहे की बांधीव क्षेत्राचा (भिंती धरून), हे खिडकीवर विचारून कागदावर लिहून घ्या. तुलना सारख्याशी सारख्याचीच करायची.

शिवाजी पेठ, शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ इथल्या जुन्या घरांत हा फरक मोठा पडतो. मातीच्या किंवा दगडी भिंती दीड-दीड फूट जाडीच्या असतात. बाहेरून २० बाय ४० फूट मोजलेले घर ८०० चौरस फुटांचे दिसते. आतून तेच १७ बाय ३७, म्हणजे ६२९ चौरस फूट भरते, मधल्या भिंती अजून वजा व्हायच्याच आहेत. मीटरमध्ये सांगायचे तर ७४.३ आणि ५८.४. मोजणी बाहेरून झाली आणि नोंद चटई क्षेत्र म्हणून चढली, तर दरवर्षी जवळजवळ सोळा चौरस मीटर भिंतीचा घरफाळा भरला जातो.

फ्लॅटमध्ये चूक वेगळ्या जातीची असते. खरेदीखतात बिल्डरने लिहिलेले सुपर बिल्टअप क्षेत्र तसेच नोंदले जाते आणि जिना, लिफ्ट, गच्ची यांचा हिस्सा आत येतो. मंजूर नकाशाची प्रत आणि भोगवटा प्रमाणपत्र जोडले की हा मुद्दा लवकर सुटतो.

मोजमापाचा कागद साधा असला तरी चालतो. पण फरक मोठा असेल तर परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टचा सही-शिक्क्याचा नकाशा जोडणे शहाणपणाचे. पाहणीला येणाऱ्या कर्मचाऱ्याला तो पडताळायला सोपा जातो आणि पुढे प्रकरण वर गेले तर तोच कागद कामी येतो.

वापर आणि वय

बाहेरच्या सोप्यात (ओसरीत) एके काळी पिठाची गिरणी होती, ती बंद होऊन दहा वर्षे झाली, उताऱ्यावर मात्र ‘व्यापारी’ तसेच आहे, अशा नोंदी भरपूर आहेत. निवासी आणि बिगरनिवासी दरांत मोठी तफावत असते. शिवाय रोजगार हमी कर हा बिगरनिवासी मिळकतींनाच लागतो. तुमच्या राहत्या घराच्या बिलात तो रकाना भरलेला दिसला, तर वापराची नोंद चुकली आहे हे दोन मिनिटांत कळते. शिक्षण कर निवासी मिळकतींनाही असतो, त्याने दचकू नका.

वापर बदलल्याचा पुरावा म्हणून विजेच्या मीटरचा घरगुती दराचा बिलकागद सगळ्यात भक्कम. दुकानाचा परवाना रद्द केल्याचे पत्र असेल तर तेही जोडा. भाडेकरू गेला असेल तर कराराची मुदत संपल्याचा कागद आणि ताबा परत घेतल्याची तारीख द्या. भाड्याने दिलेली व्यापारी जागा आणि मालकाच्या स्वतःच्या वापरातली जागा यांच्या आकारणीत बराच फरक पडतो, म्हणून भाडेकरू गेला त्याच महिन्यात कळवा. उलटेही लक्षात ठेवा: भाडेकरू असताना स्ववापर दाखवला आणि पाहणीत ते उघड झाले, तर मागच्या वर्षांच्या फरकाची वसुली लागते. तसे करू नका.

बांधकामाचे वर्ष जितके जुने, तितकी घसाऱ्याची, म्हणजे जुनेपणामुळे घटलेल्या मूल्याची सवलत जास्त. जुन्या घराला नुसता नवा गिलावा आणि फरशी केली तर ते नवे बांधकाम होत नाही. पाहणीत ते नवे म्हणून नोंदले गेले असेल, तर जुन्या पावत्या शोधा. १९८० सालची घरफाळ्याची पावती ही इमारत तेव्हा उभी होती याचा पुरावा आहे. म्हणून जुन्या पावत्या रद्दीत घालू नयेत.

नाव लावणे

महापालिका अधिनियम १९४९ च्या कराधान नियमांनुसार खरेदी किंवा बक्षीसपत्र झाल्यापासून तीन महिन्यांत, आणि मालक मयत झाल्यास वारसांनी एक वर्षात कळवायचे असते. घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्याचीही ही जबाबदारी आहे. विकणारा गप्प बसला तर घर विकल्यानंतरचा घरफाळाही त्याच्याच नावावर चढत राहतो.

खरेदीला नोंदणीकृत दस्त आणि सूची दोनचा (इंडेक्स टू) उतारा लागतो. वारसाला मृत्यू दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांची नावे लागतात. बहिणींची नावे वगळून केलेला वारस अर्ज हे हरकत येण्याचे आणि प्रकरण वर्षानुवर्षे लोंबकळण्याचे सगळ्यात मोठे कारण आहे. सगळ्यांची नावे आधी लावा, हक्कसोडपत्र नंतर रीतसर नोंदवा.

जुने घर विकत घेताना थकबाकी नसल्याचा दाखला खरेदीखताच्या आधी मागा, नंतर नव्हे. घरफाळा हा मिळकतीवरचा पहिला बोजा असतो. मालक बदलला तरी तो मिळकतीबरोबर येतो आणि वसुली समोर असेल त्याच्याकडून होते.

अर्ज, हरकत आणि मुदत

मिळकतीची नव्याने आकारणी होते किंवा मूल्य वाढते, तेव्हा विशेष नोटीस येते. तिच्यावर हरकत घेण्याची मुदत छापलेली असते आणि ती चुकली तर त्या वर्षापुरती लढाई बरीचशी संपते. नोटीस मिळाल्याची तारीख पाकिटावर लगेच लिहून ठेवा. हरकत लेखी द्या. साहेबांना भेटून तोंडी सांगितलेले नोंदीत येत नाही.

अर्ज एका पानाचा असावा. वर मिळकतीचा क्रमांक. खाली ‘उताऱ्यावरील नोंद’ आणि ‘प्रत्यक्ष स्थिती’ असे दोन रकाने पाडून फरक तेवढाच लिहावा, आणि शेवटी ‘समक्ष मोजणी करून नोंद दुरुस्त करावी व निर्णय लेखी कळवावा’ अशी विनंती. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढचा सगळा पाठपुरावा त्या आवक क्रमांकावर चालतो.

उतारा, दाखला, हस्तांतरण या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येतात. कोणती सेवा किती दिवसांत आणि अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते.

आकारणीच्या हरकतीवरचा निर्णय मान्य नसेल तर अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील आहे. त्याची मुदत फक्त १५ दिवसांची. आधी महापालिकेकडे हरकत घेतलेली असावी लागते आणि मागणीची रक्कम भरावी लागते. म्हणजे वाद आहे म्हणून बिल भरायचे थांबवले, तर अपिलाचा रस्ताही बंद होतो.

भरणा

घरफाळा प्रत्येक सहामाहीच्या सुरुवातीलाच हप्त्याने देय होतो, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर. मुदत टळली की शास्ती (दंड) दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. ८,००० रुपये थकले तर महिन्याला १६० आणि वर्षाला १,९२० रुपये. कोणत्याही ठेवीवर एवढे व्याज मिळत नाही, म्हणून पैसे बँकेत ठेवून घरफाळा लांबवणे तोट्याचेच. शास्तीत सवलत देणाऱ्या योजना अधूनमधून जाहीर होतात, पण त्या भरवशावर राहू नये. लवकर भरणाऱ्यांना बिलात सूट मिळते. ती पहिल्या तिमाहीत सर्वाधिक असते, म्हणून दुरुस्तीचा अर्ज चालू असला तरी जूनच्या आत ‘हक्क राखून भरणा’ असे पत्र देऊन पैसे भरा. दुरुस्ती मंजूर झाली की जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागता येते.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका निवासी मिळकतीवर करमाफी आहे. जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावे आहेत, तरी शहरात राहणाऱ्या अनेकांनी हा अर्जच केलेला नसतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घ्या आणि मिळकतीवरचे नाव दाखल्याशी अक्षरशः जुळते का ते आधी पाहा.

विनापरवाना बांधकामावर त्याच अधिनियमाच्या कलम २६७ अ ची शास्ती लागते. ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. पावती दाखवून नियमितीकरण झाले असे सांगणाऱ्या एजंटाचे ऐकू नका.

पुरात पडलेली घरे

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या पेठांतली मातीची घरे खचली. घर पडले म्हणून नोंद आपोआप उडत नाही. पाडकाम किंवा पडझड लेखी कळवेपर्यंत आकारणी चालूच राहते. पंचनाम्याची प्रत, तारखेसह फोटो आणि वीजजोड बंद केल्याचा कागद देऊन इमारतीची नोंद कमी करून घ्या. मोकळ्या जागेची आकारणी उरेल, पण ती बरीच कमी असते. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्यापाशी आली की नदीकाठच्यांनी इतर कागदांबरोबर उतारे आणि पावत्याही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माडीवर हलवाव्यात. ओल्या झालेल्या पावतीची दुय्यम प्रत मिळते, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या पावतीची मिळेलच असे नाही.

पाणीपट्टी वेगळी

घरफाळ्याच्या बिलातला पाण्याचा लाभकर आणि नळाची पाणीपट्टी एक नव्हेत. नळजोडाचे नाव पाणीपुरवठा विभागात स्वतंत्र अर्जाने बदलावे लागते. पाणीपट्टी अचानक वाढली तर तक्रारीआधी रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि पहाटे पाणी वापरायच्या आधी पुन्हा बघा. आकडा सरकला असेल तर गळती मीटरच्या आतल्या बाजूला, म्हणजे तुमच्या पाइपात आहे. बहुधा टाकीचा फ्लोट किंवा फरशीखालची जुनी जीआय (लोखंडी) पाइप असते. आकडा जागचा हलला नाही आणि बिल तरी वाढलेले असेल, तर बिलावरचे रीडिंग आणि मीटरवरचे रीडिंग ताडून बघा. मीटर बंद असताना सरासरीने काढलेले बिल असण्याची शक्यता मोठी. असे असेल तर मीटरचा तारखेसह फोटो अर्जाला जोडा.

दुरुस्ती मंजूर झाल्याचे पत्र आले तरी फाइल बंद करू नका. आदेश आणि संगणकातली नोंद यांच्यामध्ये अजून एक टेबल असते. महिनाभराने नवा आकारणी उतारा काढा, चारही नोंदी आदेशाशी ताडून बघा आणि पुढच्या एप्रिलचे बिल आले की त्याच उताऱ्यासमोर ठेवून वाचा.